कमलाकररावांची दाढ

त्या सकाळी कमलाकररावांनी नेहमीसारखं माझं बूच काढलं, कापसाचा बोळा माझ्या तेलात भिजवला आणि दाढेपाशी दाबून धरला. राळेगावची एसटी सुटायला थोडाच वेळ होता.

"बाबा, हिरडीतून रक्त येऊन राह्यलं, रोज सांजेले ताप येते. दाताच्या डॉक्टरकडे कधी जाता?" त्यांची लेक सुनीती खेकसली.

"रक्त त्या रक्त पातळ करायच्या गोळीनं येते. खरेदी संपली का जातो. लोक गाडीखाली झोपून राह्यले अन् मी दात दाखवाले जाऊ? तू हायस ना डॉक्टरीण, बिनपगारी!"

"करा मंग आपल्या मनानं! मले काय करायचं?"

मित्रांनो, मी यवतमाळातल्या या घरातली लवंगतेलाची जुनी बाटली. दुकानातून आले तेव्हा माझं केवढं कौतुक! बोळा लावला की ठणका थांबे. पण बधिर करणं एवढंच मला येतं. हिरडीतला पू माझ्यानं निघत नाही.

कमलाकरराव राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगत. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, खरेदी मध्येच बंद पडे, केंद्राबाहेर गाड्यांची रांग हलत नसे. त्यांना रजा मागायची लाज वाटे.

लहानपणी सांधे धरणाऱ्या तापानं त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. नागपूरला ऑपरेशन होऊन कृत्रिम झडप बसली. "झडप सांभाळायची तर तोंड सांभाळा," असं सर्जननं बजावलं होतं. घरानं छातीचा व्रण जपला, गोळी चुकू दिली नाही. तोंडाचं तेवढं राहून गेलं. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरले, झडपेवर बसले, तिथेच वाढले. रोजचा ताप त्या जंतूंचाच होता.

त्या सकाळच्या दुसऱ्याच दिवशी केंद्रावर कापसाच्या ढिगापाशी कमलाकररावांची वाचा गेली. झडपेवर साठलेल्या जंतूंच्या थराचा एक कण सुटून मेंदूत अडकला होता. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशनचं नाव काढलं, पण तेवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. ते घरी आले नाहीत.

मित्रांनो, दुखायचं थांबलं म्हणजे रोग गेला असं समजू नका. हिरडीतून रक्त आलं तर दाखवा. घरात कुणाची झडप बदललेली असेल, तर दाताच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. या घराला आता याचा काही उपयोग नाही.

आता माझं तेल घट्ट झालं आहे. काल सुनीती न्हाणीतली फळी पुसायला आली. मला हातात घेऊन उंबऱ्यावरच बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मग ती मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, मले लय भेव लागत होतं. म्हणून ओरडत होती मी तुमच्यावर."