मेल्यावर पळत आलेला शिवशरण

पुण्याची सिनेमा कंपनी ब्रह्मदेश शोधत शोधत लोहाऱ्यात आली, ह्यात ब्रह्मदेशाची काय चूक नव्हती. तिकडं खरी लढाई चालू होती, खोटी करायला जागाच नव्हती. कंपनीचा मॅनेजर म्हणायचा, "इंग्रज मुलखात बार उडवला की लोक बाँब समजून पळतात. तुमच्या निजामाच्या मुलखात बरं. इथं बार उडाला की लोक लग्न समजून जेवायला येतात."

ओढ्याच्या काठाला थोडी शिंदीची झाडं होती आणि शेजारी कल्याणप्पाची केळीची बाग. तेवढ्यावर डायरेक्टरनं ब्रह्मदेश ठरवला. मधल्या बाभळींना केळीची पानं बांधली. सकाळी ब्रह्मदेश हिरवागार दिसला, दुपारी उन्हानं पिवळा पडला आणि दिवस कलायच्या आत शेळ्यांनी खाऊन टाकला.

इंग्रजांकडचे शिपाई पुण्याहून आले होते, तोंडाला पावडर लावून. जपानी मात्र गावातच भरती केले. मिशा काढायला कुणी तयार होईना. "बाप जित्ता हाय माझा," असं जो तो सांगायला लागला. शेवटी डायरेक्टर कंटाळला आणि आमचे जपानी मिशांसकट लढाईला उभे राहिले.

त्यात शिवशरण होता. किराणा दुकानवाल्या धोंडप्पाचा एकुलता एक पोरगा, चन्नम्माचा नवरा. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ह्याचा डोळा उघडत नसे. डायरेक्टरनं त्याला बसल्या बसल्या झोपलेला बघितला आणि तिथल्या तिथं मेलेल्याचं काम देऊन टाकलं.

"ह्याला खड्ड्यात आडवा ठेवा," डायरेक्टर म्हणाला. "वरून थोडी माती टाका. मग जपानी सरदार सलाम करील."

बघ्यांतून धोंडप्पा पुढं आला. "आडवा? आडवा का म्हणून?"

"अहो, मेलाय तो."

"मेला म्हणून काय झालं? आमा लिंगायतांत आडवा न्हाय पुरत. बसवायचा आसतो."

"अहो, हा जपानी आहे!"

"जपानी तुमच्या कागदावर. त्येचा बाप म्या हाय."

डायरेक्टरनं सूर्याकडं बघितलं, तो खाली चालला होता. त्यानं हात जोडले. "बसवा. उभा करा पाहिजे तर. पण लवकर करा."

मग पुढचं कुणाला शिकवावं लागलं न्हाय. जपान्यांनी शिवशरणला मांडी घालून खड्ड्यात बसवला. एकानं कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढले. दुसरा पळत जाऊन बेल घेऊन आला. ज्याला सलाम करायचा होता त्या सरदारानं सवयीनं डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि डोळे मिटले. तेवढा एकच सीन एका दमात झाला.

माती झटकून शिवशरण वर आला. पुढं लगेच हल्ला होता. मेलेल्यांनी बाजूला बसावं असा हुकूम सुटला, पण शिवशरणला मरण्यात काय मजा आली नव्हती. त्यानं कुणाची तरी बंदूक घेतली आणि कपाळावरच्या विभूतीसकट सगळ्यांच्या पुढं पळत सुटला. कॅमेऱ्याच्या बाजूलाच बाया भाकरीची पेंडकी घेऊन बसल्या होत्या. त्यात चन्नम्मा दिसली. हा पठ्ठ्या ऐन हल्ल्यात थांबला, तोंडभर हसला आणि मग पुढं पळाला. डायरेक्टर त्या वेळी शेळ्या हाकलत होता. कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय.

कंपनी गेली. पण शिवशरणच्या अंगातली वर्दी काय उतरली न्हाय. दुकानात त्याचं मन लागेना. एक दिवस सोलापूरला मिरच्या आणायला म्हणून गेला आणि तिथंच खऱ्या फौजेत नाव घालून मोकळा झाला. खोट्या ब्रह्मदेशातून उठून खऱ्या ब्रह्मदेशात गेला. आधी खुशाली यायची. मग ती यायची बंद झाली. लढाई संपली, आसपासच्या गावांतली पोरं माघारी आली, पण ह्याचा पत्ता न्हाय. विचारायला गेलं की कचेरीतून एकच उत्तर, लापता. मेला म्हणत न्हाईत आणि हाय बी म्हणत न्हाईत. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता.

असं असताना फिरत्या सिनेमावाला दादामियाँ आपला तंबू, इंजन आणि रिळांचे डबे घेऊन लोहाऱ्याच्या बाजारपटांगणात उतरला. दवंडी झाली, "फतेह-ए-बर्मा! लोहाऱ्यात बनलेली ब्रह्मदेशची लढाई!"

सगळं गाव लोटलं. काय एकेक लढाई! गोऱ्या साहेबाला गोळी लागली डाव्या हाताला, झोळी बांधली उजव्या हाताला आणि फत्ते झाल्यावर त्यानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. तोफा धडाडत होत्या आणि मागं कल्याणप्पा कमरेवर हात ठेवून आपले केळीचे घड बघत उभा होता. लोक त्याच्या नावानं शिट्ट्या मारत होते आणि तो तंबूत बसून म्हणत होता, "मग? ह्या जपान्यांचा काय भरवसा?"

सगळ्यांच्या वर आवाज हिंमतरावाचा. हिंमतराव हवालदार पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला. "ए! आत्ता बंदूक उजव्या खांद्यावर व्हती की रं! आमी असं केलं असतं तर साहेबानं उन्हात उभं केलं असतं!"

मग शिवशरणच्या मातीचा सीन आला. सगळा तंबू गप झाला. धोंडप्पानं पायातल्या चपला काढल्या, हात जोडले. सीन संपला तसा तो उठला, बाहेर पडला आणि घरी जाऊन अंगावर पाणी घेतलं. मातीला जाऊन आल्यावर जसं घेतात तसं.

त्यामुळं पुढचं त्यानं बघितलंच न्हाय. बायांच्या दोरीपलीकडं चन्नम्मानं बघितलं. आत्ता पुरलेला शिवशरण पळत पळत आला, थांबला आणि तिच्याकडं बघून हसला. तंबूत हसून हसून लोक पडायला आले. चन्नम्मानं पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी दोघंबी परत आले. तिसऱ्या दिवशीबी. सासरा मातीपर्यंत बसायचा आणि उठून अंघोळीला जायचा. सून पुढं बसायची.

बिघडवलं ते हिंमतरावानं. तो दादामियाँच्या तंबूत जाऊन उभा राहिला. "मियाँ, मेलेला शिपाई पळत येतोय ह्या पिक्चरात. फौजेची चेष्टा हाय ही. म्या ठाण्यात जाऊन अमीनसाहेबाला सांगणार."

"अरे हवालदारसाब, पब्लिकला मजा येती ना."

"बसऱ्याला म्या लई मेलेलं बघितलं. येक बी उठला न्हाय." हिंमतराव जायला वळला आणि परत फिरला. "न्हाय म्हंजी न्हाय. येकतर त्येला मारू नका, न्हायतर पळवू नका."

अमीनाचं नाव काढल्यावर दादामियाँचा जीव अर्धा झाला. एक सीन कापायचा ठरला. ही खबर गावात पसरली आणि सकाळीच धोंडप्पा तंबूत हजर. मागोमाग घागर कडेला घेऊन चन्नम्मा.

"मियाँ," धोंडप्पा म्हणाला, "मातीला हात लावू नका. तिकडं त्येचं काय झालं कुणाला ठावं. कुणी बसवला का, कपाळाला विभूत लावली का, बेल ठेवला का. इथं तेवढं तरी नीट झालंय. म्या म्हातारा माणूस. मला तेवढंच हाय."

चन्नम्मानं घागर खाली ठेवली. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे. पदर सारखा करून ती दादामियाँलाच म्हणाली, "मामंजींना सांगा, ते जित्ते हाईत. माती काढा. पळत येत्यात ते ऱ्हाऊ द्या."

"आगं, मग माती खोटी म्हणतीस का?"

"मामंजींना सांगा, खोटीच हाय. डायरेक्टरनं करवली व्हती."

"आन हसणं खरं व्हय?"

चन्नम्मा आता सरळ सासऱ्याकडं बघून बोलली. "हसा म्हणून कुणी सांगितलं न्हवतं त्यास्नी."

दादामियाँ मधे बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. शेवटी त्याला अक्कल सुचली. "अरे, कापायचं कायकू? पट्टी इकडची तिकडं लावतो ना मी. पहले पळतो, हसतो. बाद में मरतो. दोन्ही सीन राहतेत, हवालदार पण खूश, अमीनसाब पण खूश."

धोंडप्पानं मान हलवली. चन्नम्मा मात्र हादरली. "आसं नका करू, चाचा. आधी मरू द्या आन मग येऊ द्या. तुमी म्हणता तसं केलं तर ते हसून जात्यात आन मरत्यात."

"बेटी, दुनियेत तर असंच होतं ना."

"दुनियेत हुईना का. तंबूत तरी नका करू."

पण अमीनाची धास्ती मोठी. दादामियाँनं पट्टी कापली आणि नव्या जागी चिकटवली. पिक्चर शहाणा झाला. माणूस आधी जगला, मग मेला. हिंमतरावानं त्या दिवशी पहिल्यांदा गप बसून पिक्चर बघितला, आणि गंमत अशी की गप बसल्यावर त्याला तो आवडला न्हाय.

आता उलटा कारभार सुरू झाला. चन्नम्मा सुरुवातीपासून बसायची. शिवशरण पळत यायचा, हसायचा, आणि तो पडद्यावरून गेला की ही उठायची. माती सुरू व्हायच्या आत तंबूबाहेर. तंबूच्या दाराशी धोंडप्पा उभा असायचा, आत जायला.

"झालं?" तो विचारायचा.

"झालं."

मग सून घराकडं आणि सासरा आत. एकाच पोराला दोघं दोन दारांनी भेटल्यासारखं. दादामियाँनं सासऱ्याचं तिकीट घेणं सोडून दिलं. एवढ्याशा पिक्चराचं काय घ्यायचं, म्हणाला.

शेवटच्या दिवशी चन्नम्मा बाहेर आली, धोंडप्पा दाराशी होता. पण त्या दिवशी आत जायच्या ऐवजी तो घुटमळला.

"काय गं," तो म्हणाला, "हसतो म्हंजी कसा हसतो?"

चन्नम्मानं वर बघितलं. "तुमी बघितलंच न्हाय?"

"मातीवरून उठलो की घरला जात व्हतो न्हवं का. आन आता येतो तवर झालेलं आसतंय." म्हातारा जमिनीकडं बघत होता. "ओढ्यावर बी बघितलं न्हाय. खड्डा बुजवीत बसलो व्हतो. म्हटलं, पोराला पुरलेला खड्डा उघडा ठिवू नये."

तेवढ्यात आत तंबू गप झाला. माती सुरू झाली होती. धोंडप्पाचा पाय त्या बाजूला वळला आणि थांबला.

इंजन बंद झाल्यावर चन्नम्मा दादामियाँकडं गेली. तो डबे बांधत होता.

"चाचा, आता कुठं?"

"सास्तूर. उद्याचा बाजार हाय तिथं."

"तिथं हिंमतराव हाय का?"

दादामियाँनं तिच्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या धोंडप्पाकडं. त्यानं बांधलेला डबा परत सोडला आणि कात्री काढली. "नक्को समजवू मला," तो पुटपुटला. "समजलं. पहले मौत."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. धोंडप्पानं गाडी जुंपली. लोकांनी विचारलं, कुठं? तर म्हणाला, सास्तूरला, मिठाचं बघायला. चन्नम्मा मागं बसली होती. मीठ बघायला सून कशाला लागते, हे कुणी विचारलं न्हाय.

सास्तूरच्या तंबूत बायांना वेगळी दोरी नव्हती, त्यामुळं दोघं शेजारी शेजारी बसले. साहेबाला गोळी लागली, झोळी भलत्या हाताला बांधली, कल्याणप्पानं केळी बघितली. मग शिवशरण मांडी घालून खड्ड्यात बसला. कपाळाला विभूत, माथ्यावर बेल. धोंडप्पानं हात जोडले. माती पडली. सीन संपला आणि सवयीनं म्हातारा उठायला लागला.

चन्नम्मानं त्याच्या धोतराचा सोगा धरला. सासऱ्याला तिनं कधी हात लावला नव्हता. "बसा, मामंजी."

"अंघोळ..."

"बसा."

तो बसला. पडद्यावर धूर झाला, धुरातून मिशावाले जपानी निघाले आणि सगळ्यांच्या पुढं शिवशरण पळत आला. थांबला. हसला. सास्तूरकर खो खो हसायला लागले, "मेलेला आला, मेलेला आला!" म्हणून बोटं दाखवायला लागले.

पोरगा पळत निघून गेला तरी धोंडप्पा तिथंच बघत होता.

"वाळलाय गं," तो म्हणाला.

"व्हय," चन्नम्मा म्हणाली. "आले की नीट खायला घालू."