पाचव्या तुकड्याचा कोपरा

गाठीच्या तापाच्या साथीत नांदूरघाटातली अकरा घरं रानात येऊन राहिली, त्याला दोन पावसाळे झाले होते. जुन्या दाटीत परत जायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सुंदररावांनी गावालगतच्या आपल्या शेतातून अकरा तुकडे पाडून द्यायचं कबूल केलं आणि विठ्ठलराव पटवाऱ्यांनी कच्चा नकाशा तहसिलीत दाखल केला. तो जागेवर तपासायला आज पटवाऱ्यांचे वरचे अधिकारी, गिरदावर, येणार होते. त्यांनी ‘ठीक’ लिहिलं तर पेरणीआधी भिंती उभ्या राहणार होत्या. नाहीतर तिसरा पावसाळाही झोपडीतच.

नकाशातल्या रेघा विठ्ठलरावांनी सकाळीच राखेनं जमिनीवर उतरवल्या होत्या. पाचवा तुकडा आश्रुबा आणि त्याची बायको बायनाबाई यांचा. रस्त्यावरून आत आलेली गल्ली त्याच्याच कोपऱ्याशी उजवीकडे वळत होती. बायनाबाईनं गल्ली आपल्या हातानं मोजली. आठ हात भरली.

“अवो, इथून कडब्याची गाडी वळंल का?”

आश्रुबानं इकडंतिकडं पाहिलं. “हळू बोल. गल्ली आठ हात, भरली गाडी सहा हात. कावून वळणार न्हाई?”

“सरळ जाईल. वळंल का, ते इचारते.”

“आन् न्हाई वळली, तर कोपरा कुणाचा कापतील? आपलाच ना? गप ऱ्हा.”

ती कोपऱ्यावरून हलली नाही. दर सुगीला पलीकडच्या सहा घरांच्या गाड्या इथूनच जाणार होत्या, आणि प्रत्येक गाडीचा आख तिच्या भिंतीला लागणार होता.

उन्हं चढल्यावर गिरदावर तट्टावरून उतरले. त्यांनी नकाशा उलगडला, रेघांवरून एक फेरी मारली आणि दौत उघडायला सांगितली. “कुणाची हरकत?”

आश्रुबानं बायकोकडं डोळे वटारून पाहिलं.

“साहेब,” बायनाबाई म्हणाली, “एक भरली गाडी वळवून बघा.”

“अगं, नकाशा मी पट्टीनं काढलाय!” विठ्ठलराव म्हणाले.

“पट्टीला बैल जुपले नव्हते, पटवारी.”

मंडळी हसली. गिरदावरांनाही हसू आवरेना. “लाओ गाडी,” ते म्हणाले.

भरलेली गाडी आश्रुबाचीच होती. कासरा त्यानं स्वतःच धरला. कोपरा वाचावा म्हणून त्यानं गाडी पार डाव्या रेघेला घासून आणली आणि मग बैल वळवले. उजवं चाक राख तुडवत पाचव्या तुकड्यात शिरलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा कडब्याचं शेपूट डावीकडं फिरलं आणि विठ्ठलरावांचं पागोटं घेऊन गेलं.

“आता पट्टीनं मोजा,” कुणीतरी मागून म्हणालं.

बायनाबाई वाकली आणि चाकोरीवर हात टाकत गेली. “ह्या बाजूनं चार हात, त्या बाजूनं चार. एवढं तिरकं कापा.”

“म्हणजे सोळा हात जागा गेली तुमची,” पागोटं झटकत विठ्ठलराव म्हणाले. “मला बोल लावू नका.”

तिनं भाकरीचं चौकोनी फडकं कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडलं आणि त्यांच्यापुढं धरलं. “चौकोनाचा निम्मा. आठच.” मग ती सुंदररावांकडं वळली. “मालक, आमचा तुकडा वीस हात रुंद हाय. मागनं तुमच्या तुरीत आमाला एक वीत सरकू द्या.”

“वीतभरच ना? घे की.”

विठ्ठलरावांनी बोटांवर हिशेब केला आणि ते ओरडले, “वीस हात लांब, वीतभर म्हणजे अर्धा हात रुंद, दहा झाले! दोन जास्त जातात!”

“ते बैलांचे,” बायनाबाई म्हणाली. “तीनदा वळले बिचारे.”

सुंदररावांनी हसत हात हलवला. गिरदावरांनी नकाशाचा कोपरा तिरक्या रेघेनं छाटला, मागची रेघ वीतभर सरकवली आणि समासात ‘ठीक’ लिहिलं.

आश्रुबा चुलीतली राख टोपलीत घेऊन आला, तिरकी रेघ स्वतः ओढली आणि चौथ्यांदा गाडी घातली. चाक रेघेच्या बाहेरून गेलं. बायनाबाईनं खाली बसून मोजलं.

“चार बोटं.”

“बास हाय,” आश्रुबा म्हणाला. “उद्याच्याला पाया खणू. आन् ह्या कोपऱ्याला दगड मोठा लावू.”