पूजेची पेटी

गुरुसिद्धप्पांनी पहिली थाप मारली ती अक्कलकोटच्या अलीकडच्या चढावर. मारताना त्यांना काहीही वाटलं नाही. माणूस कापडाच्या दुकानात मुरलेला. ‘कितीही धुवा, रंग हलायचा नाही’ हे ज्या ठामपणे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं, त्याच ठामपणे ते म्हणाले, “पूजेची पेटी हाय ती. हात लावू नगंस.”

विचारणारे शरणप्पा होते, शाळेपासूनचे दोस्त. सोलापूरजवळच्या होटगीचे. उभं आयुष्य सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून त्यांनी सोलापुरात घरोघर दूध घातलं होतं. त्या चढावर शरणप्पा धापा टाकत सायकलवरून उतरले होते, आणि ज्यांना दुकानातल्या गादीवरून उठायला नोकराचा हात लागायचा ते गुरुसिद्धप्पा वर पोचून लिंबाखाली गारेगार पाणी पीत बसले होते. शरणप्पांनी वर येऊन दोस्ताच्या सायकलभोवती एक चक्कर मारली आणि फ्रेमला बांधलेल्या भगव्या पिशवीकडे बोट केलं, तेव्हाची ही थाप.

“आणि मागच्या चाकात ही डबी कसली?”

“गेर हाय गेर. नव्या सायकलींना असतोय.”

गेर कसला! ती मोटर होती आणि पिशवीत बॅटरी होती. पायडल मारलं की मोटर मागून ढकलायची. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, प्रभूने, ती बसवून दिली होती. “अप्पा, गुडघे गेलेत तुमचे. मोटर लावून जाणार असाल तर जा, नाहीतर मी जाऊ देणार नाही,” असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. आता यात पाप काय? काहीच नाही. म्हाताऱ्या माणसाने मोटरच्या सायकलवर देवाला जाऊ नये असं कुठल्या स्वामींनी सांगितलंय? पण सोलापुरात बाळीवेशीतल्या कट्ट्यावर गुरुसिद्धप्पा बोलून बसले होते. आपल्याकडून पाडव्याला हजारो माणसं श्रीशैलच्या मल्लय्याला पायी जातात, आपण सत्तरीला टेकलो तरी सायकलवर जाणार, तेही स्वतःच्या पायाच्या बळावर. कट्ट्यावरची मंडळी हसली. ते हसणं ऐकून शरणप्पा म्हणाले, “हसता काय? मी जातो की त्याच्यासंगं.” आणि एवढं सगळं झाल्यावर मोटरचं सांगायचं म्हणजे गुरुसिद्धप्पांच्या जिवावर आलं. पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाकलं असतं तर शरणप्पाही हसले असते. पण गुरुसिद्धप्पा मूग गिळून बसले, आणि पुढे रोज तेच करत राहिले.

कर्नाटकात शिरल्यावर तर कहरच झाला. श्रीशैलच्या वाटेवर गावोगाव दासोहाचे मांडव असतात. वाटसरूला जेवू घालायचं, पाय चेपायचे, तेल लावायचं. “बर्री अज्जा, कूडरी,” या आजोबा, बसा, म्हणून हाताला धरून बसवतात. दोन म्हातारे सायकलवर सोलापूरहून आलेत म्हटल्यावर माणसं गोळा व्हायची. शरणप्पा घामाने निथळत मागून यायचे आणि कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, “माझं काय न्हाय, मी तर सायकलवरच म्हातारा झालो. पर ह्याला बघा. दुकानात बसून ह्याचे पाय असे! लई पुण्याई लागते. ती पेटी बघा, तिला कुणी हात लावायचा न्हाय.”

मग बायका पेटीला नमस्कार करू लागल्या. एका मांडवात कुणीतरी बॅटरीला विभूतीची तीन बोटं ओढली. दुसऱ्या मांडवात बेलाचं पान वाहिलं. मुक्कामाला गुरुसिद्धप्पा ती पेटी आतल्या खोलीत न्यायचे, “एकांतात ठेवावी लागते” म्हणायचे आणि भिंतीतल्या प्लगला लावून दार ओढून घ्यायचे. बाहेर शरणप्पा दाराकडे पाठ करून बसायचे, उगाच कुणी आत जाऊ नये म्हणून. पहिल्या वेळी गुरुसिद्धप्पांना हसू आलं होतं. नंतर मात्र दाराच्या फटीतून ती पाठ दिसली की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

शरणप्पा थकत चालले होते, ते फक्त वयामुळे नाही. त्यांना गुरुसिद्धप्पांची बरोबरी करायची होती. ज्या माणसाने जन्मभर सायकल मारली, त्याला गादीवरचा माणूस रोज मैलभर मागे टाकत होता आणि हे त्यांच्या मनाला लागलं होतं. ते पहाटे लवकर उठायला लागले, विसावा कमी घ्यायला लागले, चढाला उतरायचं त्यांनी सोडून दिलं. गुरुसिद्धप्पांना हे दिसत होतं. “जरा दमानं घे रे,” ते म्हणायचे. यावर शरणप्पा म्हणायचे, “तू दमानं घेतोस का?”

मोटर बंद करून हळू चालवायची, इतकं तरी करता आलं असतं. एकदा केलंही. ती जड सायकल बॅटरीशिवाय ओढताना गुडघ्यांतून अशी कळ आली की पुढच्याच मैलाच्या दगडाशी त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. आपण किती हलके आहोत हे त्यांना त्या दिवशी नीट कळलं. कळून उपयोग काही केला नाही.

कृष्णेचा पूल ओलांडला आणि रायचूरच्या अलीकडे भर उन्हात शरणप्पा सायकलवरून खाली आले. पडले असं नाही; पाय टेकला, सायकल सोडली आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकू लागले. जवळच्या मांडवातल्या चन्नम्मा नावाच्या बाईने चार माणसं बोलावून त्यांना आत नेलं. डॉक्टर आला, सलाईन लावलं, आणि म्हणाला की यांना इथूनच गाडीत बसवून घरी पाठवा, सायकल आता नको, छाती धड नाही.

गुरुसिद्धप्पा उशाशी बसले. आता सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. अगदी तोंड उघडलं. तेवढ्यात चन्नम्मा आरतीचं ताट घेऊन आली. आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून पेटीचं दर्शन हवं होतं तिला. मागे बायकांची रांग. गुरुसिद्धप्पांनी मुकाट्याने सायकल पुढे केली. बायकांनी बॅटरीला ओवाळलं आणि ताटातला अंगारा शरणप्पांच्या कपाळाला लावला. शरणप्पांनी डोळे मिटून हात जोडले. गुरुसिद्धप्पांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

सगळ्या गेल्यावर शरणप्पांनी उशाखालचं गाठोडं काढलं. आत हिरवी इरकली साडी आणि खण होता. श्रीशैलची अम्मा, म्हणजे तिथली देवी, ही आपल्याकडची लेक आणि मल्लय्या आपला जावई, असं आपली माणसं मानतात. म्हणून जाताना लेकीला माहेरची साडी न्यायची असते. ही साडी शरणप्पांच्या बायकोने, निंगव्वाने, स्वतः निवडून ठेवली होती. यात्रेला जायच्या आधीच ती वारली.

“मी न्हाय पोचणार,” शरणप्पा म्हणाले. “तू ने. तुझ्या हातानं गेली तर निंगव्वाला बी बरं वाटंल. माझ्यात काय न्हाय रे. मला वाटलं हुतं, सायकल तरी मला येती.”

आणि गुरुसिद्धप्पांनी साडी घेतली. हो, घेतली. ‘अरे, मोटर आहे’ एवढे तीन शब्द त्यांच्या घशातून निघाले नाहीत. शरणप्पांचा भाचा दुसऱ्या दिवशी येऊन मामाला आणि त्यांच्या सायकलला रेल्वेने घेऊन गेला. गुरुसिद्धप्पा पुढे निघाले. जंगलातला चढ आला तेव्हा पायी जाणारी माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती आणि मोटर बारीक आवाजात ओढत होती. अम्माच्या पुढे त्यांनी साडी ठेवली, पण मान वर करून बघितलं नाही. लोकांनी ते भक्तीत मोजलं.

सोलापुरात परतल्यावर घरच्यांनी पादपूजा ठेवली. लांबच्या यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे, विभूती लावायची, मग सगळ्यांनी जेवायचं. गुरुसिद्धप्पांनी नको नको म्हणून बघितलं. घरच्यांना तो विनय वाटला. अंगणात पाट मांडला, पुढे परात ठेवली. कट्ट्यावरची मंडळी, नातेवाईक, पुण्याहून प्रभू, सगळे जमले. आणि होटगीहून शरणप्पा आले. बसने आले. अंगाने निम्मे झालेले, हातात तांब्या.

“पहिलं पाणी माझं,” ते म्हणाले. “ह्यानं माझ्या निंगव्वाची साडी पोचवली.”

“सायकल कुटं हाय रे तुझी?” कुणीतरी विचारलं.

“भाच्याला देऊन टाकली. आता आपलं काम न्हाय ते. उगं घमेंड हुती.”

ते गुडघे धरून, कण्हत खाली बसले. गुरुसिद्धप्पांहून ते दोन वर्षांनी मोठे. त्यांनी तांब्या वाकवला, आणि गुरुसिद्धप्पांनी पाय एकदम मागे ओढून घेतले. पाणी पाटावर सांडलं.

“शरण्या, नको,” ते म्हणाले. “त्या पेटीत पूजा नव्हती. बॅटरी होती. मागच्या चाकात गेर नव्हता, मोटर होती. मी सायकल मारलीच न्हाय. पहिल्या चढापासून न्हाय.”

मग कट्ट्यावरचा एक जण खो खो हसला आणि त्याच्या मागून आणखी काही हसले. प्रभू म्हणाला, “अहो काका, त्यात काय एवढं? मीच लावून दिली होती. आजकाल सगळेच वापरतात. अप्पांनी तुम्हाला सांगितलं नाही?” थापेचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गुरुसिद्धप्पांना त्या हसण्याचा आधार घ्यावासा वाटला, आपणही हसावं आणि सगळं गंमत म्हणून उडवून लावावं. पण समोर शरणप्पा हसत नव्हते. ते तांब्याच्या काठावरून बोट फिरवत बसले होते.

शरणप्पा खाली बघतच बोलले. “तितं मांडवात पडल्यापडल्या मी मल्लय्याला लई वाईट बोललो, गुरू. म्हटलं, ह्याला पाय दिलेस आणि मी जन्मभर राबलो, मला का न्हाय? आईवरून बोललो. देवाला.”

“माझं चुकलं रे.”

“ते असू दे. एकच सांग.” शरणप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. “साडी नेलीस, तवा मोटर चालू हुती का?”

नव्हती, असं म्हणता आलं असतं. जंगलात कोण बघायला होतं? निदान तेवढा चढ मी पायाने चढलो, असं म्हटलं असतं तर शरणप्पांनी मानलं असतं, त्यांना तेच मानायचं होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गुरुसिद्धप्पांच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, आणि इतकं तयार असल्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

“चालू होती,” ते म्हणाले.

शरणप्पांनी मान हलवली. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतलं आणि पाटाच्या कडेला हात टेकवून उभे राहिले. प्रभू धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

“मग भाच्याकडनं सायकल मागून आणायला पायजे,” ते स्वतःशीच म्हणाले. “दुसरी साडी बघायला पायजे.”

“शरणप्पा, डॉक्टरनं नको म्हटलंय तुला,” गुरुसिद्धप्पा कळवळून म्हणाले. “आणि जायचंच असंल तर मी येतो तुझ्यासंगं. चालत येतो. तू म्हणशील तसा येतो.”

शरणप्पा दारात चपला घालत होते. राग दिसत नव्हता त्यांच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं.

“तू येऊ नगं,” ते म्हणाले, आणि बसस्टँडकडे चालू लागले.