रिकामी बादली

बादली रिकामी असेल तर ती वाजवायची नाही. मामांचा एवढा एकच नियम होता आणि तो त्यांनी एकतीस वर्षं पाळला.

मामा म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्या उद्यानातले सगळ्यात जुने राखणदार. सख्ख्या भाच्यांपेक्षा त्यांना मामा म्हणणारे परकेच जास्त. आणि आजोबा म्हणजे तिथली सगळ्यात जुनी मगर. डावा डोळा गेलेला, शेपटीचं टोक तुटलेलं, पाठीवर शेवाळाची शाल. मामा कामाला लागले तेव्हा आजोबा हातभर लांबीचे होते आणि कुणालाच जुमानत नव्हते. मामांनी त्यांना एक गोष्ट शिकवली. तळ्याच्या कठड्यावर पत्र्याची बादली तीनदा आपटायची, टक, टक, टक, आणि मासा टाकायचा. वर्षभरात असं झालं की तीन ठोके पडले की गढूळ पाण्यातून ते ओबडधोबड डोकं वर यायचंच. डोळा गेल्यावर तर या ठोक्यांचाच आधार उरला.

"मगरीला हाक मारायला रोज वेळेवर जाता," मामी म्हणायच्या, "मी तीनदा हाक मारली तरी तुमचं डोकं वर्तमानपत्रातून वर येत नाही."

"तुझ्या बादलीत मासा कुठे असतो?" मामा म्हणायचे, आणि मामी लाटणं उगारायच्या.

पण हसण्यातही मामांचं मानणं पक्कं होतं. मुक्या जिवाला देवाने जीभ दिली नाही, म्हणून त्याच्याशी बोलताना माणसाने दुप्पट खरं बोलावं. तीन ठोके म्हणजे शब्द, आणि शब्दामागे मासा हवाच.

मग उद्यान बदललं. नवे व्यवस्थापक आले, आणि ते दुसरेतिसरे कुणी नव्हते, मामांचे जावई होते. नोकरीसाठी शब्द मामांनीच टाकला होता, त्यामुळे आता ब्र काढायची सोय नव्हती. घोरपडींच्या खोलीत खेळण्यांचं दुकान आलं. सापांचा खड्डा बुजवून तिथे फोटो काढायला रबराचा नाग बसवला. साप कुठे गेले हे कागदावर होतं, तो कागद मामांनी पाहिला नाही. आणि आजोबांच्या तळ्याच्या जागी काचेचं दालन उभं राहिलं. आत निळं स्वच्छ पाणी, वरून दिवे, आणि समोर माणसाच्या उंचीची काच.

"मामा, लोकांना मगर नाकासमोर दिसली पाहिजे," जावई म्हणाले. "गढूळ पाण्यात दोन नाकपुड्या बघायला कोण तिकीट काढणार?"

"बरोबर आहे, जावईबापू," मामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आजोबांना नव्या जागी न्यायचं कामही मामांनीच केलं. पिंजरा तळ्याच्या काठाला लावला, बादली तीनदा वाजवली, आजोबा आले, आणि पिंजऱ्यात खरोखरच चार मासे होते. शब्द मोडला नव्हता. त्या दिवशी मामा घरी जाऊन शांत जेवले.

दालन उघडलं त्या सकाळी पहिल्या रांगेतल्या एका पोरीने काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. पोरंच ती, काच दिसली की वाजवणारच. टक, टक, टक.

आजोबा आले.

बुडाशी पडलेलं ते मोठं धूड क्षणात सुटलं, आणि नाकाचा शेंडा काचेवर धाडकन आपटला. पोरगी किंचाळली, मग हसली, आणि सगळी रांग हसली. लगेच मागच्या माणसाने वाजवलं. आजोबा पुन्हा आले.

दुपारपर्यंत अख्ख्या उद्यानात बातमी झाली, काच वाजवा, मगर येते. बापाने पोराला खांद्यावर घ्यावं आणि सांगावं, "वाजव, वाजव, जोरात." दिवसाला शंभर वेळा तरी आजोबा धावले असतील. एकदाही मासा मिळाला नाही, आणि एकदाही त्यांचा विश्वास उडाला नाही. एकतीस वर्षांचा विश्वास एका दिवसात थोडाच उडतो? आठवड्याने त्यांच्या नाकाची कातडी सोलवटून पांढरं हाड दिसायला लागलं.

जनावरांचे डॉक्टर आले. काचेजवळ उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "जखम भरायला धडक थांबायला हवी," ते म्हणाले. "ही जखम चिघळून हाडात उतरली तर मग माझ्याकडे एकच इंजेक्शन उरतं."

मामा तडक जावयाच्या खोलीत गेले. "जावईबापू, काच झाका. नाहीतर पुढे कठडा घाला, लोक दोन हात लांब राहतील."

"मामा, गर्दी त्याच्यासाठीच येते," जावई मान खाली घालून म्हणाले. "मी पाटी लावतो, काच वाजवू नका म्हणून."

"पाटी वाचून मग वाजवतील."

"मग तुम्हीच सांगा. शिकवलं तुम्ही आहे."

यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. मामा दारात उभे राहिले. खरंच होतं. लोकांनी फक्त काच वाजवली होती, धावायला आजोबांना मामांनी लावलं होतं.

"शिकवलं मी," मामा म्हणाले, "तर मोडायचंही मलाच."

दुसऱ्या दिवसापासून ते उद्यान उघडायच्या दोन तास आधी यायला लागले. काचेसमोर तिपाई मांडायची, मांडीवर बादली घ्यायची, रिकामी, धुऊन कोरडी केलेली. आणि काचेवर वाजवायची. टक, टक, टक. धडक बसू नये म्हणून आतल्या बाजूने ते वरून दोरीने जुन्या गाद्या सोडत. त्या लोक येण्याआधी काढाव्या लागत. आजोबा यायचे. गादीत नाक खुपसून, एका डोळ्याने वर बघत थांबायचे. मामा काही टाकायचे नाहीत. वीस श्वास मोजायचे आणि पुन्हा वाजवायचे.

पहिल्या दिवशी आजोबा साठ वेळा आले. मामांचा हात साठ वेळा खोटं बोलला.

"काय होतंय तुम्हाला?" मामींनी विचारलं. समोरची भाकरी तशीच होती.

"जीव लावायला एकतीस वर्षं गेली," मामा म्हणाले. "काढून घ्यायला किती लागतात ते बघतोय."

मामींनी थट्टा केली नाही. नुसतं पाणी पुढे सरकवलं.

पाचव्या दिवशी आजोबा वीस वेळा आले. आठव्या दिवशी चार. अकराव्या दिवशी मामांनी वाजवलं तेव्हा शेपूट तेवढी हलली. बाराव्या दिवशी तीही हलली नाही. मामांनी तासभर वाजवलं. आजोबा आंधळा डोळा काचेकडे करून बुडाशी पडून राहिले, दगडासारखे.

मामांनी बादली खाली ठेवली आणि तोंडावर पंचा धरला. जमलं होतं.

त्या दिवसापासून लोक वाजवून वाजवून थकले. "मेली वाटतं," कुणी म्हणे. "प्लास्टरची असेल." गर्दी आटली. महिन्याने दालनात यंत्राची मगर आली. बटण दाबलं की ती जबडा उघडते आणि गुरगुरते. आजोबांची रवानगी मागच्या सिमेंटच्या टाकीत झाली, मासे साफ करायच्या खोलीमागे, जिथे कुणी बघायला येत नाही. तिथे काच नव्हती. तेवढंच पुण्य.

पहिल्या दिवशी मामा भरलेली बादली घेऊन गेले. ताजे मासे, निवडून घेतलेले मोठे. त्यांनी टाकीच्या काठावर तीन ठोके दिले, खरे, जुन्यासारखे.

पाणी हललं नाही.

त्यांनी पुन्हा वाजवलं. "आजोबा," ते हळूच म्हणाले, "अहो, आज भरलेली आहे."

पाणी हललं नाही. मामांनी मासे टाकीत सोडले, आणि दुसऱ्या दिवशी फुगून वर आलेले तेच मासे जाळीने काढले. असे एकवीस दिवस गेले. जखम मात्र भरत आली होती, डॉक्टर खूश होते. "मगर आहे हो, चार-सहा महिने उपाशी राहू शकते," ते म्हणत.

बाविसाव्या दिवशी मामांना मासे साफ करायच्या खोलीतून हाक आली म्हणून त्यांनी बादली तशीच टाकीत उपडी केली, न वाजवता, न थांबता, आणि निघून गेले. सकाळी टाकीत एकही मासा नव्हता.

मग त्यांना कळलं. दोनदा पारखून बघितलं. ठोका दिला की आजोबा खात नाहीत. काठाशी उभं राहिलं तरी खात नाहीत. मामांची चाहूल संपली की खातात.

"मामा, खायला लागलं ना तुमचं जनावर," जावई म्हणाले. "आता तरी हसा."

"खातंय," मामा म्हणाले. "देवाची कृपा."

आता ते रोज जातात, मासे सोडतात आणि पाठ फिरवून लगेच चालू लागतात. मागे वळून बघत नाहीत. बादलीच्या कडीला त्यांनी जुनी चिंधी घट्ट गुंडाळली आहे, चालताना ती चुकूनही वाजू नये म्हणून.