मागचं डावं चाक

कुंडलिक मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत गाडी मी चालवत नेली. इंजिन मी बंद केलं. चावी माझ्या हातात होती. आणि तो शेजारच्या सीटवरून उतरणाऱ्या आमच्या ह्यांना म्हणाला, "या गेणभाऊ. काय तरास देती गाडी?"

आमच्या ह्यांना बैलाचे दात बघून त्याचं वय सांगता येतं. कांद्याची चाळ कशी भरावी हे त्यांना विचारायला आमच्या गावची, महाळुंगे पडवळची, अर्धी माणसं येतात. पण गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

"ब्रेक दाबला की पायडल खाली जातं," मी म्हणाले.

कुंडलिकने ह्यांच्याकडे पाहिलं. "पायडल खाली जातंय का, भाऊ?"

"ती म्हणती तर जात आसंल."

"बाई, तुमी सावलीला बसा. चा सांगतो."

माझं डोकं असं तापलं की मी खरंच जाऊन बसले. तिथे बसायला नको होतं. पण ते पुढे कळलं.

गाडी म्हणजे एक जुनी मेटॅडोर. आधी ती एका बेकरीचे पाव वाहायची. उन्हात उभी राहिली की अजूनही आत खमिराचा वास येतो. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी, दोन हजार दोन साली, मी ती घेतली. आत लांबलचक बाकडं करून घेतलं. त्याचं झाकण उचललं की अंथरुणं, झाकण पाडलं की माझा पलंग. कोपऱ्यात तोटीची पाण्याची टाकी आणि पत्र्याच्या पेटीत एक स्टोव्ह. पुस्तकांच्या फळीला आडवी दोरी, नाहीतर पहिल्याच वळणाला भूगोल डोक्यात पडायचा. मागच्या दाराला आतून काळा रंग देऊन फळा केला. दार उघडलं की शाळा सुरू.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला काही वाड्या आहेत. तिथे एस.टी. जात नाही. मी गुरुवारी जायचे, तीन रात्री गाडीतच राहायचे, मुलांना शिकवायचे आणि रविवारी परतायचे. गाडी शिकवली ती आमच्या शेजारच्या सोमाजींनी. एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर होते ते. त्यांचा एकच धडा होता: "ज्या गिअरात चढ चढला, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर घाट उतरनारा मानूस शहाना न्हाई." महिनाभर माझे गिअर दळण दळल्यासारखे वाजायचे. पारावरची मंडळी म्हणायची, "बाईंनी गिरनी काढली वाटतं!" मी ऐकून घेतलं. शिकणाऱ्याला हसू नये हे मी वर्गात सदतीस वर्षं सांगत आले होते. पारावर बसणाऱ्यांतले निम्मे माझेच विद्यार्थी, तरी एकाच्याही लक्षात राहिलेलं नव्हतं.

तर त्या दिवशी मी सावलीत बसून वह्या तपासल्या. तासाभराने कुंडलिक हात पुसत बाहेर आला आणि ह्यांच्याशी बराच वेळ बोलला. मागच्या चाकाकडे बोट केलं, मग डोंगराकडे केलं. हे मान हलवत होते.

वाटेत मी विचारलं, "काय म्हणाला?"

"झालं म्हनला."

"एवढंच?"

"मंग आजून काय? झालं म्हनल्यावर झालं."

पायडल खरंच घट्ट लागत होतं. सपाट रस्त्यावर गाडी बरी थांबत होती. मी पुढे विचारलं नाही.

त्याच आठवड्यात, रविवारी, चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा होती, घोडेगावच्या केंद्रावर, अकरा वाजता. आदल्या वर्षी वाडीची चार मुलं पहाटे चालत निघाली आणि पोचली तेव्हा दार बंद झालं होतं. चौथीची परीक्षा चौथीतच देता येते. पुढच्या वर्षी देऊ असं त्यात नसतं. यंदा पाच मुलं होती. त्यांतली आरती अशी होती की भागाकाराचं उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधी उत्तर सांगायची. तिची आई सोनीबाई मला म्हणाली होती, "बाई, तुमची गाडी हाये म्हनून पाठवते. न्हाईतर कशाला जीवाला घोर." मी तिला शब्द दिला होता.

पाच मुलं सांभाळायची म्हणून त्या वेळी हेही आले. गाडीच्या कामात गुरुवार हुकला होता, म्हणून शनिवारी आम्ही वर चढलो. चढावर ब्रेक कोण दाबतं? काही कळलं नाही.

रविवारी साडेसातला पाचही जणांना बाकड्यावर बसवून मी निघाले. गाडी दुसऱ्या गिअरात होती. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला तशी गाडी उजवीकडे ओढली गेली. उजवीकडे दरी. मी स्टिअरिंग सावरलं. दुसऱ्या वळणाला परत तेच. तिसऱ्याला जळका वास आला, पायडल दाबलं तरी गाडीचा वेग कमी होईना. आत मुलं पाढे म्हणत होती. सोमाजींनी शिकवलं तसं मी क्लच दाबला, मधे एक्सलेटर दिला आणि पहिला गिअर टाकला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक हळूहळू ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मातीच्या ढिगात नाक खुपसून ती थांबली.

मुलांना वाटलं, बाई दाखवतायत गाडी कशी थांबवायची. त्यांतला मोहित म्हणाला, "बाई, परत!"

हे मात्र पांढरेफटक पडले होते. खाली उतरून त्यांनी मागच्या डाव्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, त्यो कायतरी म्हनला व्हता."

"काय म्हणाला होता?"

"त्या चाकाच्या ब्रेकाचं सिलेंडर गळतंय. नवं मिळालं न्हाई, म्हनून त्या चाकाची लाइन चेपून बंद केलीय. सामान आलं की बसवतो. तवर घाटात घालू नका."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाही?"

"मला लाइन म्हंजी काय त्येच कळलं न्हाई. त्याला कसं इचारायचं? हसला आसता."

सदतीस वर्षांत मी वर्गात आवाज चढवला नव्हता. तिथेही चढवला नाही, कारण मुलं बघत होती. तीन चाकांच्या ब्रेकवर मी पाच लेकरं घाटात घातली होती. ज्याला ठाऊक होतं त्याने मला सांगितलं नाही, आणि ज्याला सांगितलं त्याला कळलं नाही. चालवणारी मी. मी सावलीत चहा पीत होते.

"मुलांना उतरवा," मी म्हणाले. "उरलेली वळणं त्यांना चालत न्या. खाली सपाटीला गाडीत बसवा."

"आन् तू?"

"मी गाडी आणते."

अर्धा तास चाकं निवू दिली. मग रिकामी गाडी पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीने उतरवली. हे मुलांना पायवाटेने खाली सोडून परत वर आले, वेळ पडली तर चाकाखाली सारायला एक मोठा दगड उचलून शेवटपर्यंत चाकाशेजारून चालले. त्यांना मी सांगितलं नव्हतं. धोतर धुळीने माखलं, पण दगड काही त्यांनी खाली ठेवला नाही.

केंद्राच्या दारात पोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. आरती प्रवेशपत्र छातीशी धरून आत पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही. बरं वाटलं.

मुलं परत जीपने पाठवली आणि सोमवारी सपाट रस्त्याने, बैलगाडीच्या चालीने, मी आळेफाट्याजवळचं ते गॅरेज गाठलं.

"काय झालं, भाऊ?" कुंडलिक म्हणाला.

मी मागचं दार उघडलं, त्याच्या हातात खडू दिला. "काढ. चारही चाकं. ब्रेकचं तेल कुठून कुठे जातं ते दाखव. आणि कुठे बंद केलंस तेही."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने काढलं. चित्र चांगलं काढलं, इतकं स्वच्छ की पुढे मी ते बरेच दिवस पुसलं नाही.

"हे मला का सांगितलं नाहीस?"

"बायामानसाला काय सांगायचं, बाई? उगं घाबरला असता."

"घाबरले असते. म्हणूनच सांगायचं होतंस! घाबरले असते तर मुलांना त्या गाडीत बसवलं नसतं."

सामान आलेलं होतं. ते घेऊन तो गाडीखाली शिरला. मी माझ्या जागेवर बसले. नवं सिलेंडर बसवल्यावर लाइनीतली हवा काढावी लागते. एकाने पायडल दाबायचं, दुसऱ्याने खालून नट सैल करायचा.

"भाऊ, दाबा पायडल!" खालून आवाज आला.

हे दगडावर बसले होते. "मी हितं बसलोय रं. पायडल तिच्या पायाखाली हाये."

मी पाय तसाच वर ठेवला.

"बाई," अखेर तो म्हणाला, "दाबा."

मी दाबलं.

"धरा. आता सोडा."

"हवा गेली की नाही, हे कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"तेलात बुडबुडं येतात, बाई. ते यायचं थांबलं की गेली."

"आता येतायत?"

"येतायत."

"मग पुन्हा सांग," मी म्हणाले, आणि पाय पायडलवर ठेवला.