पेकानचा रोटर

आमच्या गल्लीत एखादी गाडी चालू होईना की आधी अक्कल जमा होते, पान्हा मागाहून येतो. त्या शुक्रवारी सकाळी माझी पेकान रुसली आणि मी बॉनेट उघडेपर्यंत शेजारच्या यदोल्लाने रोग सांगूनही टाकले होते. बॅटरी गेली असेल, पेट्रोलमध्ये पाणी असेल, नाहीतर नजर. नजरेवर त्याचा भर जास्त. अंडं फोडून टाका मास्तर, म्हणाला, आणि गाडीभोवती धूप फिरवा.

मी काशानच्या शाळेत आयुष्यभर हेडमास्तरकी केली. अंडं मी खातो, फोडून टाकत नाही.

आम्हाला कमसरला जायचं होतं, माझ्या थोरल्या बहिणीकडे, इस्मतकडे. वसंतात तिच्या मळ्यातले गुलाब फुलले की सगळं कुटुंब तिथे जमतं. फुलं ती पहाटेच खुडून ठेवते, आम्ही जातो ते तांब्याच्या हंड्याखाली जाळ घालायला आणि आयता भात खायला. परतताना गुलाबपाण्याच्या बाटल्या माझ्या पेकानच्या डिकीतूनच खाली येतात. हा माझा मान आहे आणि तो मी कुणाला दिलेला नाही.

माझा मुलगा मनूचेहर बायकोला घेऊन नव्या गाडीत बसून तयार होता. तो फार गोड बोलतो. म्हणाला, "बाबा, आमच्या गाडीत बसलात तर आमचाच मान वाढेल." मी त्याला सांगितलं की तू हो पुढे, मी जेवणाआधी पोचतो, आणि आत्याला म्हणावं माझा भात झाकून ठेव. त्याने पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा त्याने किल्ली फिरवली. त्याची मुलगी शोकूफे मात्र गाडीतून उतरली. मी आगाजानबरोबर येते, म्हणाली. मला, आजोबांना, ती आगाजान म्हणते. मला बरं वाटलं. घरात एकीला तरी माझ्या गाडीची कदर आहे, असं वाटलं.

खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून माझ्या मर्जीने होणारी एवढीच एक गोष्ट उरली होती. जेवण सून पाठवते, औषधं मुलगा आणतो, कपडे यंत्र धुतं. पण किल्ली खिशात टाकून मनात येईल तिकडे निघायचं, हे माझं मी करत होतो. माणूस दुसऱ्याच्या गाडीत मागे बसायला लागला की त्याचं सामान होतं. मला सामान व्हायचं नव्हतं. म्हणून आज ही गाडी चालू करायचीच, मग दुपार झाली तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं.

मी बाह्या सरसावल्या. शाळेत पोरांना सांगायचो, आधी तपास, मग निकाल. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर दणक्यात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. यदोल्लाचा पहिला रोग बाद. मग कार्बोरेटरला येणारी नळी काढली. यदोल्लाला आत बसवून किल्ली फिरवायला लावली, तर पेट्रोल पिचकारीसारखं आलं. बाटलीत धरून पाहिलं, थेंबभर पाणी नाही. दुसराही रोग बाद. यदोल्ला आतून म्हणाला की आता नजरच राहिली. मी त्याला गप्प बसून किल्ली फिरवायला सांगितलं.

शोकूफे पायरीवर बसून चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बघत होती. एरवी ही पोर बॉनेटमध्ये माझ्याआधी डोकं घालते. मी पान्हा मागितला की बसल्या जागेवरून पुढे करायची, पण उठून जवळ येईना. झोप झाली नसेल, म्हणून मी सोडून दिलं.

मग एक प्लग खोलला, वायर लावून इंजिनवर आडवा टेकवला आणि वर कोट धरून अंधार केला. यदोल्लाने किल्ली फिरवली. प्लगला ठिणगी नाही. दुसरा पाहिला, तोही तसाच. कॉइलची जाड वायर उपसून पकडीने लोखंडाजवळ धरली, तर निळी ठिणगी कडकड उडाली. म्हणजे कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत करंट येत होता आणि तिथून पुढे जात नव्हता. तिथेच कुठेतरी पाणी मुरत होतं. डिस्ट्रिब्युटर मी आठवड्यापूर्वी स्वतः पुसला होता, म्हणून शेवटपर्यंत उघडला नव्हता. आपल्या हातच्या कामावर माणूस संशय घेत नाही.

मी दोन्ही चाप काढले आणि झाकण उचललं. आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा. गोल फिरत चारही प्लगांना करंट वाटून देतो. तो झिजतो, जळतो, तडकतो, पण उठून चालत जात नाही. गाडी रात्रभर माझ्याच अंगणात होती आणि फाटकाला आतून कडी होती. मागे गाड्यांच्या चोऱ्या फार व्हायच्या तेव्हा मी रोज संध्याकाळी रोटर काढून खिशात घालायचो. ही युक्ती मनूचेहरला कधी कळली नाही, त्याला इंजिन म्हणजे काय तेच ठाऊक नाही. ती मी एकाच माणसाला शिकवली होती. पेकान चालवायला शिकवली तेव्हाच.

मी पायरीकडे पाहिलं. शोकूफेने मान खाली घातली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मी तिला काही विचारलं नाही. रागाने माझे कान तापले होते, आणि रागात मी विचारत नसतो, करून दाखवतो. यदोल्लाच्या अंगणात त्याची जुनी पेकान पडली आहे, तिच्या टपावर त्याची बायको पुदिना वाळवते. मी रोटर मागितला. तो रीतीप्रमाणे म्हणाला, रोटर काय मागता मास्तर, अख्खी गाडी तुमचीच, घरसुद्धा तुमचंच. मी खरोखरच पुदिना बाजूला करून बॉनेट उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पण बोललेलं मागे घेता येईना.

रोटर काळा पडला होता. पॉलिश कागदाने घासला, बसवला, झाकण लावलं, वायरी ओढून पाहिल्या. किल्ली फिरवली. पेकान एकदा खोकली, दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा अशी धडधडली की वळचणीची कबुतरं उडाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. यदोल्लाने फाटक उघडून दिलं आणि नजर उतरली म्हणत तो घरी गेला. मी शोकूफेला बस म्हणून खूण केली.

ती बसली नाही. येऊन बंपरसमोर उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही होणार. रोटर मी काढला, आगाजान."

"माहीत आहे. चोर घरातलाच आहे हे कळायला हेडमास्तर लागत नाही."

"का काढला ते नाही विचारणार?"

मी इंजिन चालूच ठेवलं. मग तिने न विचारताच सांगितलं. "फीनच्या रस्त्यावर मी स्टिअरिंग ओढलं होतं, आठवतंय? तुम्ही म्हणालात, कुत्र्यासाठी एवढं काय. ते कुत्रं नव्हतं. सायकलवरचं पोर होतं."

मी म्हणालो की उन्हामुळे दिसलं नसेल. तिने हात लांब करून फाटकाबाहेर दाखवलं. "समोरच्या गाडीचा नंबर वाचा."

मी फडाफडा म्हटला. "तो तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली. "त्याच्या पलीकडच्या गाडीचा वाचा."

पलीकडे गाडी होती खरी. पांढरी असावी. मी चष्मा पुसला, डोळे बारीक केले, मान पुढे काढली. नंबराच्या जागी एक मळकट पट्टा होता. तो मी बराच वेळ पाहिला, पण त्यातून एक आकडा काही निघेना.

मग मला गेलं वर्षभर आठवू लागलं. मी सोडतो म्हटलं की सून म्हणायची, तुम्हाला कशाला त्रास, मला चालायचंच आहे. मनूचेहरची सासू म्हणायची, तुमच्या गाडीत बसायची माझी कुठली लायकी. जुने मास्तर मित्र हात छातीवर ठेवायचे, वाकायचे आणि टॅक्सी करायचे. वर्षभर माझ्या गाडीत शोकूफेशिवाय कुणी बसलं नव्हतं आणि मी मात्र समजत होतो की लोक माझा मान राखतात.

"सगळ्यांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांना."

"मग एकानेही सांगू नये?"

"कोण सांगणार? मी तीनदा तोंड उघडलं. पण तुम्ही म्हणायचात, माझ्यासारखा ड्रायव्हर काशानात नाही, आणि मी म्हणायचे, नाहीच मुळी." तिने बंपरवर हात टेकला. "म्हणून रोटर काढला. बोलायला जमलं नाही म्हणून."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. इतक्या खटपटीने चालू केलेली गाडी बंद करताना जीव तुटला. गाडीत काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्यात होता, आणि तो मी सोडून सगळ्यांनी ओळखला होता.

मी उतरलो, बॉनेटवर हात टेकत वळसा घातला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलो. तिला शिकवलं ते दिवस सोडले तर चाळीस वर्षांत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. पाय कुठे ठेवायचे कळेना. शोकूफे बाहेरच उभी राहून रडत होती. मी तिला म्हटलं की रडणं पुरे, आत्याआजीकडचा भात गार होतोय, आणि चढावर गिअर वेळेवर बदल. चढावर तिने गिअर वेळेवर बदलले. मी दोनदा माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबला. फीनच्या रस्त्यावर तिने न सांगता वेग कमी केला आणि मी विचारलं, त्या पोराला लागलं तर नव्हतं? नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं.

कमसरला पोचलो तेव्हा हंडे उकळत होते आणि सगळा मळा फुलांच्या वाफेने भरला होता. मनूचेहर धावत आला. मी कुठल्या बाजूने उतरतोय ते त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, वाः बाबा, या वयात एवढा घाट चढून आलात, तुमच्या हाताला तोड नाही. सुनेने मान डोलावली. उरलेल्यांनीही आपापली साखर घातली.

"गाडी हिने चालवली," मी म्हणालो. "मला दिसत नाही. आणि तुम्हाला ते माहीत आहे."

सगळे एकदम बोलायला लागले. छे छे, असं कसं, देव न करो, तुमची नजर तर तरण्यांना लाजवेल. मनूचेहर माझ्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. मी हात मागे घेतला.

"पुरे. भीड भिकेची बहीण. तुमच्या या भिडेपायी एखाद्या आईचं पोर गेलं असतं, आणि मग माझ्या तोंडावर काय म्हणाला असता? तुमच्या हाताला तोड नाही?"

 इस्मत हंड्यापाशी बसून जाळ सारत होती. तिने मान वर केली नाही, पण आवाज चढवला. "मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. डाळिंबाच्या झाडाला सलाम केलास तू, मला समजून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाईट मानशील म्हणून."

"मानलं असतं," मी म्हणालो. "आठवडाभर मानलं असतं. मग संपलं असतं."

शोकूफे किल्ली माझ्यापुढे धरून उभी होती, रीतच आहे ती, गाडी ज्याची त्याच्या हातात किल्ली द्यायची. मी तिची मूठ मिटली आणि मनूचेहरला म्हटलं, उद्या सकाळी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, आणि वाटेत गोड बोलू नकोस. मग मी इस्मतशेजारी जाळापाशी जाऊन बसलो आणि माझा भात मागितला.