बुधवारच्या आत हवी असलेली लेन्स

मी एक जुनी लेन्स आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्यात काहीही बिघाड नाही. हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या जणांना ओरडून सांगितले आहे की विचारू नका. पण लेन्सला तोंड नसते. ज्याला जे वाटेल ते तो बोलतो आणि आम्ही ऐकून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सहा काचा घासून, पुसून, धातूच्या कड्यांमध्ये बसवून मला तयार केले. काचा बसवणाऱ्या बाई नाकातोंडावर फडके बांधून काम करत, कारण श्वासाची वाफ आत अडकली तर सगळी मेहनत पाण्यात. मी पन्नास मिलिमीटरची, म्हणून माझ्या अंगावर पन्नास हा आकडा कोरला. माझ्यात मोटर नाही. माणसाने माझे कडे हाताने फिरवायचे, डोळ्याने नीट पाहायचे आणि मग बटण दाबायचे. एका फोटोग्राफरकडे मी वीस वर्षे राबले. न हसणारी बाळे, रुसलेले काका, डोळे मिटणारे नवरदेव, सगळे मी पाहिले. तो मला आपला हुकमी एक्का म्हणायचा. मग आपोआप फोकस करणाऱ्या मोटरवाल्या लेन्स आल्या आणि एक्क्याला कोणी विचारेना.

मी भिंगकाकांच्या दुकानात आले. त्यांचे खरे नाव काही असो, सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणत. जिन्याखालचे ते चिंचोळे दुकान, काचेचे कपाट, आणि आम्हाला बुरशी लागू नये म्हणून कपाटात दिवसभर जळणारा एक पिवळा दिवा. काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून महिनाअखेर दुकान बंद होणार होते. दुकानातले कॅमेरे विकून झाले होते, उरलो होतो आम्ही चार जुन्या लेन्स. जी विकली जाणार नाही ती सुटे भाग काढणाऱ्याकडे जाणार, हे काकांनी फोनवर सांगताना मी स्वतः ऐकले. स्क्रू वेगळे, कडी वेगळी, काचा वेगळ्या. त्या दिवसापासून दाराची घंटा वाजली की माझा जीव खालीवर व्हायचा.

एका सोमवारी दुपारी दोघी आल्या. मुलगी पंचेचाळिशीची, तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणारी. एका सुताचाही फरक ओळखणारे तिचे हात. सोबत तिची आई, डावा गाल किंचित सुजलेला.

"हा माझ्या बाबांचा कॅमेरा," मुलीने पिशवीतून एक जुना, जड कॅमेरा काढला. "ते गेल्यावर मी कपाटात ठेवून दिला. दोन वर्षं हातच लावला नाही. लेन्सला आतून बुरशी लागलीये."

काकांनी विजेरी मारून ती बुरसटलेली लेन्स पाहिली आणि मान हलवली. "ही कामातून गेली. आणि हा फुल-फ्रेम कॅमेरा आहे, ताई, आतली चौकट मोठी. छोट्या कॅमेऱ्याची स्वस्त लेन्स बसेल, पण फोटोचे कोपरे काळे येतील. मोटरवाली घेता का?"

तिने किंमत ऐकली आणि कॅमेरा पुन्हा पिशवीकडे ओढला.

"फोनवर काढा की फोटो मग," काका म्हणाले.

"फोनमध्ये आधी माझं नाक येतं," आई म्हणाली. "मग सावकाश मागून मी येते."

काका हसले. मुलगी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "बुधवारी हिला दवाखान्यात भरती करायचंय. गुरुवारी ऑपरेशन. जबड्याचा तुकडा काढणार आहेत. नंतर चेहरा असा राहणार नाही. म्हणून बुधवारच्या आत हवी आहे."

काका उठले, गुडघे धरत, आणि आम्हा चौघींना मखमलीवर मांडले. आईला दाराजवळच्या उजेडात स्टुलावर बसवले. मुलीने पहिली लेन्स लावली, कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला, कडे फिरवले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. फोटो काढून मागचा पडदा पाहिला.

"धूसर आहे."

दुसरी. "हीसुद्धा." तिसरी. तिच्या कपाळावर घाम आला.

मग मी. मित्रांनो, वीस वर्षांत घेतला नव्हता इतका उजेड मी त्या दिवशी आत घेतला. आईच्या भुवईचा एकेक केस मी तिच्यापुढे ठेवायला तयार होते. तिने कडे फिरवले आणि बरोबर जागा ओलांडून पुढे गेली. अगं थांब, मागे ये! ती मागे आली आणि पुन्हा ओलांडून गेली. फोटो आला तो जसा वाफ धरलेल्या आरशात पाहावा तसा.

"ही पण खराब आहे," ती म्हणाली आणि मला मखमलीवर ठेवून रडायलाच लागली. "सगळ्याच खराब आहेत. मी दोन वर्षं तो कॅमेरा कोंडून ठेवला, आता दोन दिवसांत काय होणार आहे!"

मला तर सुटे भाग काढणाऱ्याचा पेचकस डोळ्यांसमोर दिसू लागला.

"चारही खराब?" काका चिडलेच. "मी काय भंगार विकतो का? आणा इकडे." त्यांनी कॅमेरा घेऊन खिडकीतून पाहिले. मग कॅमेरा खाली धरून खिडकीशेजारच्या एका इवल्याशा चाकावर बोट ठेवले. "तुमचे वडील चष्मा काढून फोटो काढायचे?"

"हो. कपाळावर ढकलून."

"तेच. हे चाक त्यांच्या नंबराला लावलंय, पार टोकाला. तुमच्या डोळ्याला यातून नीट दिसणारच नाही. लेन्सचा काय दोष? फिरवा ते."

ती चाकाकडे पाहत राहिली. कारखान्यात कापडाच्या थरांवर न बिचकता कात्री चालवणारी ती बाई, तिचे बोट पुढे जाईना.

"हे बाबांनी लावलेलं आहे," ती म्हणाली.

काका वरमले. "हवं तर खूण करून ठेवू. पांढऱ्या शाईनं."

"खूण कशाला?" स्टुलावरून आई म्हणाली. "ते काय परत येऊन बघणार आहेत? फिरव गं. त्यांचं बघून झालं."

तिने नखाने चाक फिरवले. मग मला पुन्हा बसवले, डोळा लावला, कडे फिरवले आणि एकदम दचकून मागे सरली. इतक्या जवळून, इतकी स्पष्ट आई तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी तिच्याबरोबर घरी गेले. मंगळवारी सकाळी खिडकीशी, निळ्या स्वेटरमध्ये, आईचा फोटो निघाला. फार चांगला निघाला, मीच सांगते.

तुम्हाला वाटेल, माझे भले झाले. पण फोटो निघाल्यावर तिने मला टोपण लावले आणि कॅमेऱ्यासकट त्याच कपाटात ठेवले. काम संपले होते ना! आठवड्यावर आठवडे गेले. बाहेरून औषधांचा वास यायचा, मिक्सरचा आवाज यायचा, पण आईचा आवाज काही यायचा नाही. त्या अंधारात माझ्या काचांवर दमट हवा बसू लागली आणि मी घाबरून गेले. मित्रांनो, हात जोडता येत असते तर जोडून सांगितले असते. कोणाच्या आठवणीने जीव कासावीस होतो म्हणून आम्हाला कोंडू नका. आम्हाला उजेड लागतो. आम्ही वापरून झिजत नाही तितक्या तुमच्या या जपण्याने मरतो.

एका सकाळी कपाट उघडले. समोर आई होती. डावी बाजू आत गेलेली, ओठ एकीकडे ओढलेला, हनुवटीपासून कानापर्यंत टाक्यांची रेघ. तिने मला उचलले, मुलीच्या हातात दिले आणि स्वतः जाऊन खिडकीशी बसली.

"आई, आत्ता नको," मुलगी कळवळून म्हणाली. "जरा बरी हो, मग काढू."

आईला बोलता येत नव्हते. तिने मांडीवरची वही ओढली, लिहिले आणि आमच्याकडे वळवली.

'बरी झाले, तेव्हाच उठले ना? हा चेहरा आता हाच आहे. काढ.'

मुलीने टोपण काढले. मी काहीही लपवले नाही.